जुन्या स्कूटरचा क्लच : दुखणे ओळखावे कसे?



शेतकी विभागाच्या या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहितो. या खेपेस विषय थोडा आडवाटेचा आहे. आपल्या गटांतून फिरताना एक गोष्ट नेहमी नजरेस पडते. घरात नवी मोटारसायकल आली, कोणाकडे बिनगिअरची गाडी आली, कोणाकडे विजेवरचीसुद्धा आली. पण गोठ्याच्या आडोशाला जुनी चेतक, प्रिया किंवा सुपर अजून उभी आहेच. दुधाच्या किटल्या, पेंडीचे पोते, पाइपलाइनचे सामान, सगळे ती निमूटपणे वाहते. आणि या गाड्यांची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे क्लच. “साहेब, गिअर पडत नाही,” “पिकअप गेला,” “क्लच सोडत नाही,” अशी वाक्ये आम्ही उसाच्या नोंदी घेताना बांधावर ऐकतो.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. शेतकी पदविका घेऊन उसात आयुष्य चाललेला माणूस. पण २०१९ सालच्या दिवाळीत बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांनी मिळून आम्हाला क्लचचा जो धडा दिला, तो सभासदांपुढे ठेवावा असे वाटते. त्यात आमची फजिती आहे, तीही लपवीत नाही. कारण त्या फजितीत एका लहान मुलाचा पाय जाता जाता वाचला.

गाडी मिळाली ती अशी

आमच्या ताईचे घर बदलापूरला. दाजी अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत नोकरीला. त्यांची १९८६ सालची चेतक. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे जुन्या सभासदांना आठवत असेलच. दाजींनी ती गाडी लेकरासारखी सांभाळली; कागदपत्रेही वेळच्या वेळी नव्याने करून घेतली.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला मोठा पूर आला. त्याच दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना नौका आणून बाहेर काढावे लागले. ताईच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि स्कूटर पुरती बुडाली. पाणी ओसरल्यावर दाजींनी ती पुसून कोपऱ्यात उभी केली. भाऊबीजेला आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, “पाव्हणं, माझे गुडघे आता किक मारू देत नाहीत. तुम्ही घेऊन जा, उसात फिरायला उपयोगी पडेल.”

टाकी, कार्बोरेटर आणि विजेचे काम तिथल्याच एका कारागिराने करून दिले. गाडी चालू झाली. आम्ही क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि क्लच हातात पूर्ण दाबलेला असतानाच गाडीने पुढे उडी घेतली. समोर ताईचा पाच वर्षांचा नातू उभा होता. दाजींनी त्याला बखोट धरून ओढले म्हणून निभावले. पुढचे चाक भिंतीवर आपटले. पोराच्या पायात आणि चाकात वीतभर अंतर राहिले असेल. ताई कितीतरी वेळ काही बोलली नाही.

क्लच न सुटणे म्हणजे नुसता गिअरचा त्रास, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पायी माणसे यांच्या दाटीत अशी गाडी आणणे म्हणजे सरळ धोका होय.

आधी क्लच समजून घेऊ

रोग ओळखायचा तर आधी शरीर माहीत हवे. ही गाडी मूळची इटलीची. तिथल्या पियाजिओ कारखान्याने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा विमानाचा अभियंता कोरादिनो दास्कानिओ याने केला. गिअर आणि क्लच पायाऐवजी डाव्या मुठीत आणण्याची सोय त्यातलीच. पुढे बजाज कंपनीने परवाना घेऊन ती आपल्याकडे बनवली आणि १९७२ मध्ये चेतक आणली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया तयार होऊ लागली. या सर्व गाड्यांच्या क्लचची घडण मूलतः एकच आहे. लॅम्ब्रेटा आणि विजय सुपर यांच्यात मात्र इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये साखळी असते. तेव्हा पुढे सांगितलेल्या खुणा त्यांनाही बऱ्याचशा लागू पडल्या तरी खोलण्याची रीत वेगळी, हे लक्षात असावे.

चेतकच्या इंजिनाच्या क्रँकच्या टोकावरच क्लच बसवलेला असतो. एका वाटीत कॉर्क लावलेल्या चकत्या आणि पोलादी चकत्या आलटून पालटून रचलेल्या असतात. मागून मजबूत स्प्रिंगा त्या सगळ्यांना एकमेकींवर दाबून धरतात. दाबलेल्या असतात तोवर सगळ्या एकत्र फिरतात आणि इंजिनाची ताकद गिअरला जाते. आपण मुठीवरचा दांडा ओढला की वायर गाडीच्या पोटातून खाली जाऊन एक आखूड हात ओढते. तो हात एका पितळी बटणामार्फत स्प्रिंगा दाबतो. चकत्या सैल पडतात आणि इंजिन गिअरपासून तुटते. बस्स, एवढीच करामत.

हा क्लच कोरडा नसतो. तो गिअरच्याच ऑइलमध्ये फिरतो. म्हणून ऑइल बिघडले की क्लच बिघडतो. पुष्कळांच्या ध्यानात हेच येत नाही.

आणखी एक गोष्ट या गाडीत न्यारी आहे. किकचा जोरही क्लचमधूनच इंजिनाकडे जातो. म्हणूनच गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून किक मारली तर ती चालू होत नाही. न्यूट्रलच करावी लागते. हा दोष नव्हे. उलट रोग ओळखायला याच्याइतकी सोपी आणि फुकटची युक्ती दुसरी नाही. ती पुढे येईलच.

दुखणी मुख्यतः दोन

पहिले, *क्लच सुटत नाही*. दांडा पूर्ण ओढला तरी चकत्या अलग होत नाहीत. खुणा : गिअर टाकताना करकर होते, गाडी पुढे ओढते, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, सिग्नलला इंजिन बंद पडते.

दुसरे, *क्लच धरत नाही*, म्हणजे घसरतो. खुणा : मूठ पिळली की इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, चढाला किंवा ओझे असताना हे जास्त जाणवते, पुढे पुढे जळका वास येतो.

ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर रोग वाढतो. आम्ही नेमके तेच केले.

बदलापूर : पहिली चूक

गाडीने उडी घेतली म्हणजे क्लच सुटत नाही, एवढे आम्हाला कळले. आम्ही काय केले? खाली वाकून वायर ताणली. थोडी ताणली, फरक नाही. आणखी ताणली. शेवटी दांडा इतका कडक झाला की त्यात तिळभर ढील राहिली नाही. मग कसाबसा गिअर पडू लागला आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

खरे कारण वेगळेच होते. पुराचे पाणी गिअरच्या पेटीत गेले होते. पेटीला हवा जाण्यासाठी एक बारीक वाट असते. गाडी बुडाली की तिथून पाणी शिरते. तीन महिने गाडी उभी राहिली. पोलादी चकत्या गंजल्या आणि कॉर्क त्यांना चिकटून बसले. आम्ही ऑइल काढून पाहिले असते तर ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले असते. पण पाहिलेच नाही.

अशा वेळी करावयाचे ते येणेप्रमाणे :

(१) इंजिनाच्या तळाचा बोल्ट काढून जुने ऑइल पूर्ण निथळू द्यावे. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, असे खुशाल समजावे.

(२) थोडे स्वच्छ ऑइल घालून इंजिन न्यूट्रलमध्ये पाच मिनिटे चालवावे व तेही काढून टाकावे. पाण्याचा अंश राहिलाच तर पुन्हा एकदा तसेच करावे.

(३) मग एस.ए.ई. ३० चे साधे ऑइल भरावे. चेतकच्या पेटीत साधारण पाव लिटर मावते. गाडी सरळ उभी करून, भरण्याच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळू लागले की पातळी बरोबर झाली.

(४) इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाकावा, क्लच दाबून धरावा आणि गाडी मागे-पुढे झटके देत ढकलावी. पुष्कळदा चिकटलेल्या चकत्या एवढ्यानेच सुटतात.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या कोणत्याही स्कूटरला हा उपाय लागू आहे. पूर यायलाच हवा असे नाही. आणि अशी गाडी पहिल्यांदा चालू कराल तेव्हा समोर माणूस, मूल, जनावर कोणी उभे नाही याची खात्री करून घ्यावी. गाडी मोकळ्या रानाकडे तोंड करून लावावी.

अंबरनाथ : दुसरी चूक

दुसऱ्या दिवशी दाजींना मागे बसवून आम्ही अंबरनाथला निघालो. त्यांना जुन्या सोबत्यांना गाडी चालू झालेली दाखवायची होती. रस्त्याने हादरे आणि ऊब बसून चिकटलेल्या चकत्या आपोआप सुटल्या. आता क्लच खरे म्हणजे बरा झाला होता. पण वायर आम्ही ताणून ठेवलेली! म्हणजे हात दांड्यावर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच होता. स्प्रिंगांचा पूर्ण जोर चकत्यांवर येईना.

अंबरनाथच्या रेल्वेवरच्या पुलाच्या चढाला गाडीने दम टाकला. आवाज मोठा आणि चाल बैलगाडीची. मागून मोटारी हॉर्न देताहेत, दाजी म्हणताहेत, “पाव्हणं, वास कसला येतोय?” कॉर्क जळत होते, दुसरे काय!

तिथे एका कारागिराला गाडी दाखवली. त्याने न तपासताच सांगितले, की रिंगा गेल्या, बोअर करावे लागेल, इंजिन उतरवा. खर्चाचा आकडा ऐकून दाजी गप्प झाले. सुदैवाने तो म्हणाला, “आज होणार नाही, चार दिवसांनी या.” चार दिवस आम्हाला नव्हते, म्हणून आम्ही वाचलो.

इंजिन अशक्त आहे की क्लच घसरतो आहे, हे ओळखणे अवघड नाही. सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळून पाहा :

— आवाजही वाढत नाही आणि वेगही वाढत नाही : इंजिन अशक्त. कार्बोरेटर, प्लग, कार्बनने बुजलेला सायलेन्सर आणि मग रिंगा, या क्रमाने पाहावे.

— आवाज वाढतो, वेग वाढत नाही : क्लच घसरतो.

— चालता चालता “खट्” होऊन आवाज एकदम मोकळा होतो, आणि तेही एखाद्याच ठराविक गिअरमध्ये : क्लचचा दोष नव्हे. गिअर उडतो आहे. गिअरच्या वायरी ढिल्या झाल्या असतील किंवा आतला गिअर धरणारा क्रॉस झिजला असेल. वायरी आधी पाहाव्यात, कारण त्या बाहेरच्या बाहेर नीट करता येतात.

ही तीन वाक्ये पाठ असती तर आमचा एक दिवस आणि दाजींची एक रात्रीची झोप वाचली असती.

अंबरनाथला जाऊन शिवमंदिर न पाहता येणे बरे नव्हे म्हणून वालधुनीच्या काठी थोडे थांबलो. १०६० सालचे शिलाहारांचे ते काम. दगडावर दगड इतका अचूक बसवलेला, की साडेनऊशे वर्षे झाली तरी उभा आहे. आमची वायर एका दिवसात बिघडली होती. दाजी हसले, तेव्हा कुठे आमच्या जिवाला बरे वाटले.

उल्हासनगर : खरी तपासणी

तिथून रखडत उल्हासनगर गाठले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. वस्तीला अजूनही कॅम्प एक ते पाच असेच म्हणतात. मोडके टाकायचे नाही, दुरुस्त करायचे, हा त्या गावाचा बाणा. चार नंबर कॅम्पात एका पत्र्याच्या टपरीत सत्तरीचे एक मिस्त्री बसले होते. आम्ही रिंगा, बोअर, इंजिन असे सगळे सांगू लागलो. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवले आणि म्हणाले, “पहले हाथ से पूछो, बाद में पाना उठाओ.”

त्यांनी जे केले ते आम्ही वहीत उतरून घेतले. सभासदांनीही उतरून घ्यावे. एकही पाना लागत नाही.

*पहिली तपासणी : ढील.* मुठीवरचा दांडा बोटाने हलवावा. टोकाशी दोन ते तीन मिलिमीटर ढील हवी. मुळीच नसेल तर क्लच घसरणार. फार असेल तर सुटणार नाही.

*दुसरी तपासणी : क्लच न दाबता किक.* इंजिन बंद, गाडी न्यूट्रल. हाताने किक हळू खाली दाबावी. कॉम्प्रेशनचा अडसर लागला पाहिजे. किक हलकी खाली गेली आणि इंजिन फिरलेच नाही, तर क्लच अतिशय घसरतो आहे किंवा क्लचला क्रँकवर धरून ठेवणारी अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी तुटली आहे. करकर असा दात घासल्याचा आवाज आला तर किकचेच दाते गेले असावेत.

*तिसरी तपासणी : क्लच दाबून किक.* आता दांडा पूर्ण ओढून किक दाबावी. ती हलकी, मोकळी जायला हवी. कॉम्प्रेशन लागलेच तर क्लच सुटत नाही.

*चौथी तपासणी : ढकलून पाहणे.* इंजिन बंद, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडी थोड्या जोराने ढकलता आली पाहिजे. मग क्लच सोडला की चाकाने अडले पाहिजे.

*पाचवी तपासणी : ऑइल.* पातळी, रंग आणि वास तिन्ही पाहावे. दुधाळ असेल तर पाणी. जळका वास आणि काळे कण असतील तर कॉर्क जळाले. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी सारखी कमी होऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गेले. मग नुसते कॉर्क बदलून भागत नाही. सील न बदलता क्लच भरला तर नवे कॉर्कही ऑइलावाचून जळतात.

आमच्या गाडीला ढील शून्य होती. मिस्त्रींनी वायर सैल केली, गाडी थोडी धरू लागली. पण दुसऱ्या तपासणीत किक अजूनही मध्येच निसटत होती. म्हणजे कॉर्क आधीच जळून गेले होते. त्यांनी ऑइल काढले, गाडी आडवी केली, मागचे चाक उतरवले आणि चाकाच्या पुढच्या अंगाचे झाकण खोलले. इंजिन उतरवावे लागलेच नाही. कॉर्क कोळशासारखे काळे, पोलादी चकत्यांवर गंज, पितळी बटण झिजून वाटीसारखे झालेले. पुराचा वाटा किती आणि आमचा किती, हे न विचारलेले बरे.

कॉर्क बदलताना

हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. क्लचच्या मधल्या कंगोऱ्याच्या नटाला खास पाना लागतो आणि स्प्रिंगा दाबण्यासाठी सोय लागते. छिन्नी-हातोडीने नट सोडवणारा कारागीर दिसला तर गाडी तिथून काढून न्यावी. मात्र आपण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी होतात की नाही, ते पाहावे :

(१) नवे कॉर्क बसवण्यापूर्वी रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजत ठेवावेत. कोरडे बसवलेले कॉर्क पहिल्याच फेरीत जळतात. आमच्या मिस्त्रींनी याच कारणासाठी आम्हाला परत धाडले. विठ्ठलवाडीहून लोकलने बदलापूर आणि सकाळी पुन्हा हजर.

(२) पोलादी चकत्या सपाट काचेवर ठेवून पाहाव्यात. डुगडुगली तर ती वाकलेली, बदलावी. बारीक गंज असेल तर पॉलिश कागदाने घासून चालते.

(३) स्प्रिंगा उंचीने सारख्या आहेत का ते एका ओळीत उभ्या करून पाहावे. एखादी बसकी असेल तर सगळा संच बदलावा.

(४) पितळी बटण झिजले असेल तर कॉर्कबरोबरच बदलावे. ते राहिले तर नवा क्लचही नीट सुटत नाही.

(५) अर्धचंद्राची चावी घट्ट बसते का, आणि नट आवळल्यावर त्याच्या वॉशरचे कान वाकवले का, हे अवश्य पाहावे. कान वाकवले नाहीत तर नट सैल होतो, चावी तुटते आणि गाडी आडरानात उभी राहते : इंजिन जोरात, किक मोकळी आणि चाक हलत नाही.

(६) वायर बदलताना आतली तार आणि बाहेरचे कव्हर दोन्ही पाहावे. कव्हर कुठे दबले किंवा मोडले असेल तर नवी तारही अडकते. तारेचा एखादा धागा तुटून बाहेर आला की ती गेलीच समजावी. ती घाटातच तुटते.

ऑइलबाबत एक सूचना. पेट्रोलमध्ये घालायचे टू-टी ऑइल वेगळे आणि गिअरचे वेगळे. घरात मोटारीचे उरलेले भारी ऑइल आहे म्हणून ते पेटीत ओतू नये. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. तो घसरणार नाही तर काय?

सवयी

निम्मे क्लच वायरने किंवा ऑइलने बिघडत नाहीत, तर हाताने बिघडतात. चालताना डाव्या हाताची बोटे दांड्यावर ठेवून देण्याची सवय पुष्कळांना असते. तिने क्लच सारखा अर्धवट दाबला जातो. चढावर गाडी थांबवली की ब्रेकने धरावी, क्लचवर तोलून धरू नये. दोन किटल्या आणि मागे माणूस असताना दुसऱ्या गिअरवर गाडी उचलू नये. पहिला गिअर कशासाठी दिला आहे? थांबल्यावर न्यूट्रल करावे. आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या किंवा बिलाच्या दिवशी म्हणा हवे तर, दांड्याची ढील बोटाने पाहावी. त्याला वेळ लागत नाही.

परतीची वाट

तिसऱ्या दिवशी आम्ही बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड आणि टोकावडेमार्गे माळशेज घाट चढून घरी आलो. बदलापूर हे पूर्वी घोडे बदलण्याचे ठिकाण होते म्हणून हे नाव पडले, असे तिकडे सांगतात. आम्ही मात्र घोडा न बदलता, त्याचा नाल बदलून आलो. घाटात गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. वर पोचल्यावर ताईला फोन केला. ती आधी गाडीचे काही बोललीच नाही. म्हणाली, “नातू विचारतोय, मामाची गाडी आता उडी मारत नाही ना?” नाही मारत, असे सांगितले. गाडी आजही आमच्याकडे आहे. पण तेव्हापासून कोणतीही गाडी चालू करताना आम्ही आधी समोर पाहतो.

आता हे सगळे शेतकी सदरात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. उसाचे पान पिवळे पडले की आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्यांदा युरियाचे पोते फोडतात. पण पिवळेपणाची कारणे अनेक. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे होऊन केवडा पडला असेल. हुमणीने मुळ्या खाल्ल्या असतील. हुमणी लागलेल्या बेटाला युरिया देणे आणि चिकटलेल्या क्लचची वायर ताणणे, यात काही फरक नाही. दोन्ही ठिकाणी पैसे जातात आणि मूळ दुखणे आत वाढत राहते. बेट उपटून मुळ्या पाहाव्यात. पान हातात घेऊन शिरा पाहाव्यात. माती हातात चुरून ओल पाहावी. त्या मिस्त्रींचे म्हणणे आपल्या धंद्यालाही तंतोतंत लागू आहे : आधी हाताने विचारावे, मग अवजार उचलावे.

चेतक, प्रिया, सुपर यांचे उत्पादन थांबून पुष्कळ वर्षे झाली. चेतक हे नाव २०२० पासून विजेच्या स्कूटरवर आले आहे आणि तिला क्लचच नाही. पुढच्या पिढीला कदाचित या लेखाची गरज पडणार नाही. पण आज ज्यांच्या गोठ्याशी जुनी गाडी उभी आहे, त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी या पाच तपासण्या जरूर कराव्यात. तरुण मुलांकडून करून घेतल्या तर अधिक चांगले. मुलांना यंत्राची ओळख होईल. आणि मुले करीत असतील तेव्हा गाडीचे तोंड मोकळ्या जागेकडे करून द्यायला विसरू नये.

तूर्त एवढेच. पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाकडे वळू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग